आठ किलो उतरले, पण भलतेच

“आठ किलो उतरले हे खरं आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण जे उतरायला हवं होतं ते जागच्या जागी आहे. जे राहायला हवं होतं, ते गेलं.”

मी टेबलाच्या अलीकडे शाबासकीच्या अपेक्षेने बसलेलो. वर्षभर उपास करून चौऱ्याऐंशीचा शहात्तरवर आलेलो. सोबत पुरावा म्हणून डोंबिवली स्टेशनवरच्या वजनकाट्याची तिकिटं नेली होती, तारीखवार टाचून. डॉक्टरांनी ती गठ्ठ्यासकट बाजूला सारली आणि शिंप्यासारखी टेप काढली. माझी मांडी मोजली, पोटरी मोजली, पोट मोजलं. मग बीपी मोजायच्या पट्ट्याची गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “दाबा. जीव खाऊन दाबा.”

मी दाबलं. काटा जरासा हलला आणि परत खाली बसला.

“आता खुर्चीतून उठा. हात छातीवर बांधून.”

तिसऱ्या हिसक्याला उठलो. “खुर्ची फार खोल आहे हो तुमची,” असं वर म्हणालोही. ती साधी लाकडी, सरळ पाठीची खुर्ची होती.

डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं: मसल वेस्टिंग विथ ओबेसिटी. मसल वेस्टिंग म्हणजे स्नायू झिजणं. ओबेसिटी म्हणजे अंगावर जादा चरबी. दोन्ही एकाच माणसात कसं असेल, असं मला वाटलं. एक तर माणूस सुकतो, नाहीतर सुटतो. डॉक्टर म्हणाले, “तुमची मांडी बाहेरून भरलेली दिसते, पण आतला मालक बदललाय. स्नायू निघून गेला आणि त्या जागेत चरबी राहायला आली.” या दुखण्याला पुढे सार्कोपेनिक ओबेसिटी असं भारदस्त नाव मिळाल्याचं कळलं. १९९३ साली आमच्याकडे त्याला एकच नाव होतं: वय झालं.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण माझ्यासारखे आणखी पुष्कळ असणार. साठीपुढचे, पोट सुटलेले आणि उठताना ‘आई गं’ म्हणणारे. मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका. केल्याच तर निदान माझ्याइतक्या उत्साहाने करू नका.

सुरुवात त्याच्या दोन वर्षं आधी झाली. मी डोंबिवलीच्या औद्योगिक भागातल्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्सला होतो. पंचवीस वर्षं ड्रम मोजत, शिड्या चढत, गोदामात उभ्याने दिवस काढले. रिटायर झाल्यावर ठरवलं, आता बसायचं. आणि मी मनापासून बसलो. आरामखुर्ची गॅलरीत टाकली. वर्तमानपत्र, चहा, जेवण, वामकुक्षी, परत चहा. पाणी हवं असेल तर हाक मारायची. आमची ही, म्हणजे शालिनी, तांब्या आणून द्यायची.

मग जिना चढताना मांड्या थरथरायला लागल्या. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्याचा दोष असेल म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. दोन तास बाकावर बसलो. एक्स-रे निघाला. “वयोमानाने थोडी झीज आहे,” एवढं ऐकायला दोन तास. रक्त तपासलं: साखर ठीक, थायरॉइड ठीक. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी. ती मंदावली तरी माणूस जड होतो, म्हणून बघतात. सगळं ठीक आणि मी बेठीक! कागदावर नॉर्मल असण्याचा इतका संताप मला कधी आला नव्हता. शेवटी आमच्या घरच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि दाराबाहेर पडताना म्हणाले, “वजन कमी करा बुवा. बस्स.”

ते ‘बस्स’ मी फार मनावर घेतलं.

वजन कमी करायचं तर आपल्याकडे माणूस काय करतो? उपास धरतो. एका दगडात पुण्यही पडतं. मी सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला. एकादशी आणि चतुर्थी वेगळ्या. मूळचे आम्ही कोकणातले, मासळीशिवाय घास न उतरणारे, पण मी मासळी सोडली, अंडं सोडलं. जड पडते म्हणून डाळही सोडल्यासारखीच. उरलं काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं, केळी, आणि उपासाचा म्हणून चिवडा. मी ताटभर साबुदाणा खाऊन उठायचो आणि वर म्हणायचो, “आज काही खाल्लं नाही.”

आता तुम्हीच सांगा, आठवड्यातले निम्मे दिवस नुसत्या पिठूळ खाण्यावर काढायचे आणि उरलेला वेळ आरामखुर्चीत, याला व्रत म्हणायचं की कट? पण वजनकाटा खूश होता. दर शनिवारी स्टेशनवर जायचो. नाणं टाकलं की रंगीत दिवे फिरायचे, खाडकन तिकीट पडायचं. पुढे वजन, मागे भविष्य. दोन्ही उत्तम. ऐंशीच्या खाली आलो त्या दिवशी मी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले.

कमरेचा पट्टा मात्र त्याच भोकात बसत होता. मी म्हणालो, चामडं आटलं असणार.

शेजारचे सावंत तेव्हाच म्हणालेले, “अहो, चेहरा उतरलाय तुमचा, दंड बघा काठीसारखे. पोट तेवढं कुठे गेलं नाही.” मला वाटलं, जळतोय.

मग आला श्रावणातला तो दिवस. शालिनी समोरच्या बिल्डिंगमध्ये मंगळागौरीला गेलेली. मला पलंगाखालच्या पेटीतून जुन्या पॉलिसीचे कागद हवे होते. मी जमिनीवर बसलो, पेटी ओढली, कागद काढले आणि उठायला गेलो. उठताच येईना. पलंगाला धरलं, पलंग सरकला. पेटीवर जोर दिला, पेटी सरकली. घरातली प्रत्येक वस्तू सरकत होती, मी सोडून. शेवटी घामाघूम होऊन तिथेच भिंतीला टेकलो.

दोन तासांनी बेल वाजली. आतून कडी.

“अहो, दार उघडा!”

“जरा थांब. योगासन करतोय.”

“कसलं योगासन? अंगात आलंय का तुमच्या? उघडा आधी!”

पुढचा तमाशा सगळ्या मजल्याने पाहिला. सावंतांनी सुतार आणला, कडी उचकटली, आणि मंगळागौरीच्या चार बायका, हातात वाणाच्या पिशव्या घेऊन, मला पॉलिसीचे कागद छातीशी धरून बसलेला बघत उभ्या राहिल्या. सावंत आणि सुतार यांनी मला काखेत धरून वर काढलं.

सावंतांनीच बडोद्याला एसटीडी लावला. तिथे आमची एकुलती एक मुलगी, वृंदा. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दारात.

“बाबा, या वेळी दोन तास होते. उद्या आई गावाला गेलेली असली तर?” ती रडत नव्हती, चिडली होती, आणि तिचं चिडणं माझ्यावर गेलंय. “सरळ ऐका. मी दिवाळीला येते. तोपर्यंत कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठून दाखवलंत तर राहा इथे. नाहीतर घर बंद करायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. मला तिथे झोप लागत नाही.”

मला खरं तर बडोद्याचं काही वाटलं नसतं. आरामखुर्ची कुठेही मावते. पण शालिनीचा चेहरा पडला. वृंदा आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, “मला नाही जायचं. तीस वर्षांत इथे माणसं जोडलीत मी. तिथे दिवसभर चौथ्या मजल्यावर बसून काय करू? जावयाच्या घराला कडी घालत बसू? तुम्ही उठायला शिका. काहीही करा, पण शिका.”

तिने माझ्याकडे इतक्या वर्षांत काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून मी ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या त्या टेपवाल्या डॉक्टरांकडे गेलो, ज्यांच्यापासून ही हकीकत सुरू केली.

डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली, ती ठीक निघाल्यावर खाणं लिहून दिलं. रोज अंडी, दोन्ही वेळा घट्ट डाळ, वाटीभर दही, जमेल तेव्हा मासळी. प्रोटीन, म्हणजे प्रथिनं. स्नायू त्याच्यावर बांधला जातो. “साबुदाण्यात ते नावालाही नाही,” डॉक्टर म्हणाले. “उपास बंद.”

“पण देवाला शब्द दिलाय.”

“देवाला मी सांगतो. तुम्ही अंडं खा.”

घरात पुन्हा अंडी शिरली. शालिनी मला उकडून द्यायची. स्वतः मात्र खात नव्हती. मी सोडलं तेव्हा तिनेही सोडलं होतं, माझे उपास तेच तिचे. मी पुन्हा धरल्यावर तिने धरलं नाही. “मला कुठे काय झालंय?” म्हणायची. मी दुसरं अंडं उचलायचो.

व्यायामासाठी डॉक्टरांनी कोपरीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. फिजिओथेरपी म्हणजे औषधाऐवजी हालचालीने करायचा उपचार. मी समजलो, कुणी धिप्पाड पहिलवान असेल. निघाली पंचविशीची, शिडशिडीत मुलगी, तांडेल मॅडम. ठाण्याच्या कोळीवाड्यातली. तिने मला स्टुलावर बसवलं. “उठा. बसा. उठा. बसा.” चौथ्याला मी म्हणालो, “मॅडम, माझं वय बासष्ट.”

“माझी आजी बहात्तर. रोज उकिडवी बसून मासळी निवडते, टोपली डोक्यावर घेते आणि उठते. तुमच्या डोक्यावर काय आहे?”

केससुद्धा नव्हते. मी उठलो.

घरी करायला सांगितलं: खुर्चीतून दहा वेळा उठबस, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून जोर. पायाला किलोभर डाळीची पिशवी बांधून पाय वर-खाली. ऐकायला सोपं आहे. करताना इतका वैताग यायचा, की काय सांगू! सहा दिवस मांड्या आग-आग व्हायच्या आणि सातव्या दिवशी फरक शून्य. ताप आला की उतरतो, जखम झाली की खपली धरते. हे दुखणं दिसतही नाही आणि हलतही नाही. लोक म्हणायचे, “तब्येत छान झालीय हो!” पोटाकडे बघून.

मग मी चोरी करायला लागलो. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, म्हणजे मी आधीच निम्मा उठलेला. डाळीच्या पिशवीतली डाळ रोज मूठमूठ कमी केली. ती शालिनीच्या आमटीत गेली. दोन आठवड्यांनी तांडेल मॅडमना सांगितलं, “आता फार सोपं जातं.” त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो तो बसलोच.

“घरी किती उंचीवरून उठता?” त्यांनी विचारलं.

काही माणसांशी खोटं बोलण्यात अर्थ नसतो. मी उशा सांगितल्या. डाळसुद्धा सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, दिवाळी मला नाही, तुम्हाला आहे.”

नवरात्रात डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. मी अक्कल गहाण टाकून संध्याकाळची वेळ घेतली. टेंभी नाक्याला त्या दिवसांत देवीच्या दर्शनाला काय गर्दी असते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवलं, “पुढे बंद आहे, काका.” गर्दीतून चाललो. पाय थरथरले म्हणून जरा मांडवाच्या एका बांबूला टेकलो, तर दोन कार्यकर्ते धावले. “आजोबा, घाबरू नका, आम्ही आहोत ना!” मी म्हणतोय, “अहो, दवाखाना, दवाखाना,” पण ढोलाच्या आवाजात कोण ऐकतंय! त्यांनी मला दोन्ही बाजूंनी उचललं आणि बायाबापड्यांची अख्खी रांग ओलांडून थेट देवीसमोर नेऊन उभं केलं. कुणीतरी नारळ हातात दिला. दवाखाना बंद व्हायला पाच मिनिटं असताना मी नारळासकट पोचलो.

ही गंमत मी तांडेल मॅडमना रंगवून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, “तुम्हाला नेहमीच असं कुणी ना कुणी उचलतं का?”

मी विचार केला. सकाळी पलंगावरून शालिनी हात देते. आंघोळीनंतर शालिनी. जेवून उठताना शालिनी. जिन्यात सावंत.

“आजपासून कुणी हात द्यायचा नाही,” त्या म्हणाल्या. “पडायला लागलात तर धरायचं, उठायला लागलात तर नाही. आणि जमिनीवरून उठायची एक रीत आहे. सरळ वर उसळायचं नाही. आधी कुशीवर, मग ओणवे, एक पाऊल पुढे, त्याच गुडघ्यावर दोन्ही हात, मग वर. लहान मूल उठतं तसं.”

घरी सांगितल्यावर शालिनी म्हणाली, “बरं झालं बाई.” मला वाटलं, माझ्यासाठी म्हणाली.

पुढचे चार आठवडे मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर मेहनत केली. उशा पलंगावर गेल्या, डाळ पुरी किलो झाली. पाण्यासाठी हाक न मारता स्वतः उठायला लागलो. हॉलच्या फरशीवर सतरंजी घालून रोज आडवा व्हायचो आणि कुशीवर, ओणवा, एक पाऊल, वर. कधी ओणव्यावरच दम लागायचा, आणि मग मी त्याच अवस्थेत सतरंजीचे धागे मोजत राहायचो. सावंत एकदा पेपर मागायला आले आणि मला चार पायांवर बघून म्हणाले, “आज कुठलं आसन?” त्यांना मी दिलेलं उत्तर इथे छापता येणार नाही. पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, तीन दिवस ओळीने, मी कुणाला न धरता उठलो.

वृंदा आली. परीक्षा पाडव्याला ठरली, कारण पाडव्याला मला तसंही पाटावर बसायचं होतं. बायको नवऱ्याला ओवाळते तो दिवस. मी नवीन सदरा घालून पाटावर बसलो. वृंदा भिंतीला टेकून उभी, हात पाठीमागे. तिला मी बजावलं होतं, “मध्ये पडायचं नाही.”

शालिनी निरांजनाचं ताम्हण घेऊन आली. गेल्या पाडव्याला तिने उभ्यानेच, जरा वाकून ओवाळलं होतं. या वेळी मुलीसमोर सगळं रीतसर करायचं म्हणून समोरच्या पाटावर बसली. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मी ओवाळणी घातली. मग मी कुशीवर झालो. ओणवा झालो. पाऊल पुढे, हात गुडघ्यावर, आणि उभा. डुगडुगत, पण उभा! वृंदाने टाळी वाजवली. मी दोन्ही हात वर करून, निवडून आल्यासारखा, चारी दिशांना नमस्कार केला.

शालिनी पाटावरच होती.

“आई, ऊठ ना, फराळाला बसू.”

“हो, उठते.” तिने ताम्हण खाली ठेवलं. एका हाताने जमीन दाबली. उठली नाही. पाय पोटाशी घेतले, पुन्हा दाबली. मग मान वर न करता म्हणाली, “वृंदा, जरा ते स्टूल दे गं इकडे.”

“कधीपासून?” वृंदाने विचारलं.

“अगं, झालं असेल वर्ष-दीड वर्ष. ओट्याला धरून उठते ना मी. खाली बसतच नाही फारशी.” आणि माझ्याकडे बघून, “यांचंच एवढं चाललेलं, त्यात माझं कुठे काढू?”

ज्या हाताला धरून मी वर्षभर उठत होतो, त्या हाताकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. बांगड्या मनगटावरून घसरून पार पंजावर आलेल्या. ते सगळे उपास तिने केलेले. माझी अंडी तिने उकडलेली.

वृंदा पुढे आली, हात द्यायला. शालिनीने मान हलवली. “नको. तू हात दिलास तर आम्हाला बडोद्याला नेशील.”

मग मला एक सुचलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे ते मूर्खपणाचं होतं. मी परत खाली बसलो. म्हणजे आता दोघंही जमिनीवर. वृंदाने कपाळावर हात मारला. “बाबा!”

“गप्प बस. मला हिला शिकवायचंय.” मी शालिनीला म्हणालो, “कुशीवर हो.”

“लेकीसमोर?”

“हो. मी शेजारणींसमोर बसलो होतो.”

ती हसली. हसल्यावर अंग सैल पडतं, तशीच कुशीवर झाली. मग ओणवी. नऊवारी नव्हती हे नशीब. गोल साडीचा घोळ गुडघ्याखाली अडकला, तो मी सोडवला. एक पाऊल पुढे. तिथे अडली. मांडी थरथरत होती, मला ओळखीची थरथर. किती वेळ गेला सांगता येणार नाही, निरांजन विझलं एवढं खरं. शेवटी गुडघ्यावर हात रोवून ती उठली. मला दुसऱ्यांदा उठायला मात्र तिच्याहून जास्त वेळ लागला.

वृंदाने विझलेलं निरांजन उचललं आणि म्हणाली, “बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेते. आणि आई, तू सोमवारी ठाण्याला जायचंस. मी तुला पोचवूनच बडोद्याला जाईन.” एकटीच जाईन, असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती.

सोमवारी डॉक्टरांनी तीच टेप शालिनीच्या दंडाला लावली. वजन ठीक होतं, म्हणूनच कुणाला शंका आली नाही. “ताट एक, उपास एक, मग दुखणं दोन घरी कसं जाईल?” ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. बरे झालो असं म्हणवत नाही. स्नायू जातो तो चोरपावलांनी आणि परत येतो तो सरकारी फायलीसारखा. आठवडाभर सर्दीने पडलो की महिन्याची कमाई जाते, आणि मग माझी चिडचिड सावंतांच्या घरापर्यंत ऐकू येते. पोट अजून आहे. पण आम्ही डोंबिवलीत आहोत, दुसऱ्या मजल्यावर. टेपवाल्या डॉक्टरांचे, तांडेल मॅडमचे आणि कडी उचकटणाऱ्या त्या सुताराचेही उपकार आहेत.

तुमच्या घरी वडीलधारी माणसं असतील तर त्यांना काट्यावर उभं करून समाधान मानू नका. जमिनीवरून उठताना एकदा बघा. मदतीला धावू नका, नुसतं बघा. आणि दोघं असतील तर दोघांनाही बघा. जे कण्हतं त्याच्याकडे घर आपोआप बघतं. मी कण्हत होतो, ती ओटा धरून उठत होती.

सकाळी आता आमच्याकडे चार अंडी उकडतात. मी उकडतो. दोन तिच्या ताटलीत ठेवतो आणि ती खाऊन होईपर्यंत समोर बसून राहतो.